भाजलेल्या मातीचे खडे

“हे अक्षर तुमचंच ना, काका?”

रुपालीने झेरॉक्स टेबलावर सरकवली. गुरुदत्तकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. त्यांच्या लॅबच्या वहीचं एकसष्टावं पान होतं ते. वर इंग्रजीत आकडे, एक आकृती. समासात तिरक्या ओळींत मराठी.

“माझंच. घाईत असलो की मराठीतच उतरतं.”

“किराण्याची यादीसुद्धा मराठीत करतात,” वीणाकाकू आतून म्हणाल्या. “मग ती त्यांनाच वाचता येत नाही. दुकानातून मला फोन!”

काका हसले. रुपालीही हसली, पण झेरॉक्सवरचं बोट तिने उचललं नाही.

काका ह्यूस्टनच्या विद्यापीठात प्रोफेसर. रुपाली तिथल्याच पेटंट ऑफिसात वकील. ही नोकरी निघाली आहे हे तिला काकांनीच कळवलं होतं. अनन्या झाली तेव्हा आईचा व्हिसा अडकला, तर काकू चाळीस दिवस रोज शुगर लँड उपनगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी चालवत आल्या. बाळाला तेल लावायला, रुपालीला गरम भात वाढायला. टेक्सासमध्ये तिला माहेर असं हे एकच घर होतं.

मंगळवारी काकांचा पेटंटचा अर्ज जायचा होता. हवेतून ऑक्सिजन काढणारं छोटं मशिन. जिथे सिलिंडर वेळेवर पोचत नाहीत, तिथल्या तान्ह्या बाळांसाठी. चार वर्षांचं काम. पावसाळ्यात हवेतला ओलावा मशिनमध्ये शिरायचा आणि दोन आठवड्यांत ते बंद पडायचं. उपाय सापडला उत्तर युगांडातल्या एका लहान विद्यापीठात, काका तिथे चाचणीला गेले असताना. अर्जावर संशोधक म्हणून नावं दोनच होती. काका आणि त्यांचा विद्यार्थी नकुल. एक कंपनी सगळे हक्क घ्यायला तयार बसली होती.

रुपालीने समासातला मजकूर हळू वाचला.

“बीट्रिस म्हणते, तिची आई बियाण्याच्या मडक्यात भाजलेल्या मातीचे खडे टाकते. सादळले की पुन्हा भाजते. हवा आधी त्या खड्यांतून काढली तर, असं विचारते. भन्नाट! मला का नाही सुचलं?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“बीट्रिस अबेर,” काका म्हणाले. “तिथल्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हुशार पोरगी. रिसर्च पेपरमध्ये आभार मानलेत की आपण तिचे.”

“आभार मानलेत. पण नाव संशोधकांत हवं, काका.”

“अगं, ती सहज बोलून गेली. कुठली माती, किती तापवायची, नळी केवढी, सगळं आम्ही काढलं. दोनशे टेस्ट केल्या नकुलने. तिचं नाव घातलं की तिचं विद्यापीठ मालकीत येणार. उद्या ते कुणालाही न विचारता तिकडे मशिन बनवतील. मग कंपनी कशाला थांबेल? निघून जाईल. आणि कंपनी गेली की मशिन माझ्या कपाटात. ते चालेल तुला?”

“नाव नाही घातलं तर तिच्याच गावच्या हॉस्पिटलला तिचेच खडे कंपनीकडून विकत घ्यावे लागतील.”

काका खुर्चीत मागे टेकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या ऑफिसात मराठी आणखी कुणाला येतं?”

“कुणालाच नाही.”

“मग?”

एवढंच विचारलं त्यांनी. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात चहाचा ट्रे. तो त्यांनी टेबलावर ठेवला नाही.

रुपालीने काकूंकडे बघायचं टाळलं.

“काका, एक सांगा. मशिनमधून हे खडे काढले, तर त्यात नवीन काय उरतं?”

काकांनी आकृतीवर बोट ठेवलं. बोट नळीवरून फिरलं, खड्यांच्या डबीपाशी आलं, तिथेच थांबलं. शिकवताना ते असेच थांबायचे, फळ्यावर चूक दिसली की.

“नळी उरते,” ते शेवटी म्हणाले. “नळी प्लंबरकडे मिळते.”

काकूंनी ट्रे खाली ठेवला.

“कंपनी जाईल गं,” काका म्हणाले.

“जाईल कदाचित.”

“नकुलला मी नोकरीचं सांगून ठेवलंय त्यांच्याकडे. आता काय उत्तर देऊ त्याला?” एवढं बोलून त्यांनी स्वतःच मान हलवली. “दे. फॉर्म आणलायस ना?”

रुपालीने बॅगेतून फॉर्म काढला. दोन नावांचा. काकांनी नकुलच्या नावाखाली तिसरं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत. मग पेन थांबलं. त्यांनी फॉर्मवर खाडाखोड केली, बीट्रिसचं नाव सगळ्यांत वर घेतलं आणि सही केली.

“असं चालतं ना?”

“चालतं, काका.”

“बरं झालं तू आधी मला विचारायला आलीस,” ते म्हणाले. चहाचा कप उचलताना त्यांचा चेहरा हलका झाला होता. “परस्पर काही केलं असतंस, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.”

निघताना काकूंनी अनन्यासाठी चिवड्याचा डबा दिला. रुपालीने तो गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि बॅगेतला दुसरा फॉर्म बाहेर काढला. पान एकसष्टचं भाषांतर तिने शुक्रवारीच बॉसला पाठवलं होतं, आणि या फॉर्मवर तिन्ही नावं तेव्हापासून छापलेली होती.

गाडी सुरू करायच्या आधी तिने तो फाडून टाकला.