पालथी कार्डं

ओहायोतल्या घरी बाबांनी अल्बममधलं अमेरिकन फुटबॉलचं एक जुनं कार्ड पालथं घातलं. त्यावरचा खेळाडू वारला की ते असंच करत आणि त्याची गोष्ट सांगत.

"गेला गं आपला बावीस नंबर! सुजल्या गुडघ्यानं बर्फात धावलेला."

"जसा काही तुमचा मावसभाऊच!" त्यांची मुलगी मृदुला फोनमधून मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबाच गेले.

तिनं अल्बम कपाटात कुलपात ठेवला. किल्ली तिच्याकडेच होती. तेराव्यानंतर उघडला, तर पालथी कार्डं सगळी सुलटी झाली होती. एकूण एक मेलेला खेळाडू तिच्याकडे रोखून बघत होता, आता आमची गोष्ट कोण सांगणार, असं विचारल्यासारखा.

मग ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मी ऐकत होते. प्रत्येकाची गोष्ट मला तोंडपाठ आहे."