बसा की, गुरुजी

माणूस दिसायच्या आधी अत्तराचा वास ऑफिसात आला.

आश्रुबा गुरुजी मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून हजेरीपट बघत होते. मुख्याध्यापक मीटिंगला परभणीला गेलेले. दोन दिवस शाळेचा कारभार गुरुजींकडेच होता. वास नाकात शिरला आणि ते उठले. का उठलो हे कळायच्या आत ते टेबलामागून निघून दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले होते. मान खाली.

शिपाई भुजंगनं एका म्हाताऱ्याला हाताला धरून आत आणलं. सत्तरी ओलांडलेला, जाड भिंगांचा चष्मा, पांढरं स्वच्छ धोतर, कानात अत्तराचा फाया. भुजंगनं त्याला टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवलं.

"गुरुजी, हे माणिकराव देशमुख. टेसनावरल्या कदमसाहेबांचे सासरे. साहेबांची बदली झाली पूर्णेला. नातीचा दाखला न्यायला आल्यात."

नाव सांगायची गरज नव्हती.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आश्रुबा सात वर्षांचा होता. आई-बाप दोघंही देशमुखांच्या गोठ्यात राबायची; पायातलं दाराशीच काढून आत यायची. देशमुख अंगणात यायच्या आधी हा वास यायचा. तो आला की आई हातातला झाडू टाकून आश्रुबाचा दंड ओढायची. "ऊठ," एवढंच म्हणायची. एकदा बाप, सटवाजी, गोठ्यापुढं बसून दावं वळत होता. त्याला पडसं झालं होतं. वास आला नाही. देशमुख पुढ्यात येऊन थांबले तरी तो बसलेलाच. त्या दिवशी सटवाजीला अंगणाच्या मधोमध चैताच्या उन्हात दिवस मावळेपर्यंत उभं केलं. आई पाण्याचं गाडगं घेऊन भिंतीकडेला होती. ते पुढं न्यायची तिची छाती झाली नाही. तिला धरून आश्रुबाही उभा होता. त्या दिवशी तिघांपैकी कुणीच बसलं नाही.

"बस आता," गुरुजी मनात म्हणाले.

खुर्ची चार पावलांवर होती. औरंगाबादला वसतिगृहात राहून, एका सदऱ्यावर वर्ष काढून ते तिच्यापर्यंत आले होते. वर्गात ते पोरांना सांगायचे, ताठ उभं राहा, डोळ्यात बघून बोला. आता मान वर होत नव्हती. गुडघे हलत नव्हते. भुजंग आपल्याकडं बघायलाय हे त्यांना कळत होतं. तरी हलेनात.

म्हाताऱ्यानं चष्मा सारखा केला आणि भिंतीकडं तोंड वळवलं.

"कोण उभं हाय तिथं? गुरुजीच का? बसा की, गुरुजी. उभे का?"

गुडघे लगेच मोकळे झाले. गुरुजी आले आणि खुर्चीत बसले.

उठल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. त्यानं सांगितल्यावर बसता आलं, ते लागलं.

त्यांनी दाखल्यांचं पुस्तक ओढलं. मुलीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. वर्तणूक : चांगली. अक्षर वाकडं येत होतं.

"गाव कंचं तुमचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

गुरुजींनी गावाचं नाव सांगितलं.

म्हातारा खुलला. "आरं, मंग आमचेच की. कुणाचे तुमी?"

"सटवाजीचा."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि प्रयत्नानं मान वर केली. त्या तोंडावर काहीतरी यायला हवं होतं. राग आला असता तरी चाललं असतं. म्हातारा आठवत राहिला. ढोंग नव्हतं, खरंच आठवत होता.

"सटवाजी... हाय का?"

"आठ वर्षं झाली जाऊन."

"चांगला माणूस व्हता," म्हातारा म्हणाला. मेलेल्या कुणाहीबद्दल म्हणावं तसं.

"तुमी त्याला..." गुरुजींनी सुरुवात केली. पुढचे शब्द तयार होते. लहानपणापासून तयार होते. त्यांनी शिक्क्याची डबी जवळ ओढली.

"काय म्हणलात?"

"काही न्हाई. दाखला झालाय."

गुरुजींनी सही केली, शिक्का मारला. म्हाताऱ्यानं कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

"सटवाजीचं पोरगं गुरुजी झालं. बरं झालं," तो म्हणाला आणि काठीवर जोर देऊन उठला. गुरुजी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसून राहिले. तेवढं जमलं.

भुजंग त्याला रस्त्यापर्यंत सोडून परत आला. खोलीत वास तसाच होता. त्यानं नाक वर करून तो ओढून घेतला.

"झाक वास हाय, गुरुजी. कंचं अत्तर आसंल?"

"नाव ठाव न्हाई."

"पर तुमच्याच गावचे ना ते?"

गुरुजींनी उठून खिडकी उघडली. बाहेर तासाची घंटा झाली. सातवीचा वर्ग वाट बघत असणार. त्यांनी खडू आणि पुस्तक घेतलं, तेव्हा पायाला फरशी गार लागली. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. तिथं काही नव्हतं.

त्यांच्या चपला दाराजवळ भिंतीला लागून होत्या. जोडीनं नीट ठेवलेल्या, तोंड बाहेरच्या बाजूला. कधी काढल्या, ते त्यांना आठवेना.