उलटे आटे

पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून भाऊ तिसऱ्यांदा त्यावर लोंबकळला, तेव्हा उल्का शेजारी बसून पेपर वाचत होती. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, बासष्ट सालच्या मोटरसायकलचं इंजिन उघडायचं, तर क्लचचा नट आधी निघायला हवा होता.

"याचे आटे उलटे आहेत. उजवीकडे फिरव," असं तिने सकाळीच सांगितलं होतं. त्यावर तो हसला होता. "ताई, इंजिनिअर मी आहे. तू आमटीकडे बघ."

आमटी कधीच झाली होती. दरम्यान त्याने हातोडा मारला, डिझेल ओतलं, गंजाला शिव्या घातल्या. आपण तो नट आवळतो आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. चार वर्षं कॉलेजात काढलेल्या माणसाला एकदा दुसऱ्या बाजूने फिरवून बघावंसं वाटू नये, याचं तिला आता नवलही वाटत नव्हतं.

"गंजून एकजीव झालाय," हात पुसत तो म्हणाला. "संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावतो."

तेव्हा मात्र ती उठली. याच गाडीवर अण्णांनी तिला इंजिन खोलायला शिकवलं होतं. तिने पाना उलट बाजूने लावला आणि पाइपवर सगळं अंग टाकलं. कर्रर्र आवाज होऊन नट सैल झाला.

भाऊने नट बोटांनी फिरवून काढला. मग व्हरांड्यात बसलेल्या अण्णांना ओरडून म्हणाला, "निघाला, अण्णा! सकाळपासून ढिला करत आणला होता मी."

"आवळत होतास," उल्का म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की तिने," अण्णा म्हणाले. "उल्के, गाडी तुझ्या घरी घेऊन जा. इथे तिच्या जिवाला धोका आहे."