गेल्या चार आठवड्यांत

“हॅलो, कोण बोलतंय?”

रोवेनाची बोटं कळफलकावरच थांबली. आईचा आवाज. नऊ वर्षांनी.

नंबर यंत्र लावत असे. रोवेनाने फक्त प्रश्न वाचायचे. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो शहरातल्या त्या कार्यालयातून ती लँडलाइन असलेल्या घरांची फोनवरून पाहणी करी. अशी घरं दर वर्षी घटत होती, यादी आखडत होती. कधी ना कधी हे होणारच होतं. ओळखीचं माणूस लागलं तर फोन लगेच ठेवायचा, असा नियम होता. तिने ठेवला नाही. वडिलांच्या अंत्यविधीला ती गेली नव्हती, तेव्हा आई म्हणाली होती, “मला मुलगी नाही असं समजेन.” आता नाव सांगितलं तर आई बोलेल, की फोन आपटेल?

तिने आधी प्रश्न वाचायला घेतले.

“जरा मोठ्याने बोल गं बाई. माझ्या कानातलं यंत्र माझ्याहून म्हातारं झालंय.”

“तुमच्याकडे मोबाइल आहे का?”

“आहे की. पुतण्याने दिलाय. ड्रॉवरमध्ये झोपलाय. कुणाला नंबरच दिला नाही, तर वाजणार कसा?”

“घरचा फोन बंद करायचा विचार आहे का?”

“छे! मी मेल्यावर काय ते करा.”

शेवटचा प्रश्न उरला. तो झाला की नाव सांगायचं, असं रोवेनाने ठरवलं.

“गेल्या चार आठवड्यांत या फोनवर नातेवाइकांचे किती फोन आले?”

“चार,” आई लगेच म्हणाली. “माझ्या मुलीचे. दर रविवारी करते. भांडतो आम्ही कडाकडा, पण रविवार चुकवत नाही हो. माझ्याशी बोलल्याशिवाय करमतच नाही तिला.”

रोवेनाने उघडलेलं तोंड मिटलं. आता नाव सांगणं म्हणजे आईला खोटं बोलताना पकडणं.

“झालं का गं? चहा निवतोय माझा.”

“झालं. आभारी आहे.”

तिने रकान्यात चारचा आकडा भरला. पडद्यावर ‘पूर्ण’ असं उमटलं आणि आईचा नंबर यादीतून गळाला. एकदा उत्तरं मिळाली, की त्या घरी पुन्हा फोन करायचा नसतो.