एसटीची गोष्ट

दत्तक संस्थेच्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "बाळ घरी आल्यावर, दत्तक घेतलंय हे त्याला कधी सांगाल?"

कळल्यावर बाळ परकं झालं तर? या एका भीतीपायी मृणालने अर्ज न भरता दोन वर्षं घालवली होती.

सोबत आलेले सासरे हसले. "मला चुलतीने दत्तक घेतलं, तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांचा. दर दिवाळीला तेल लावताना ती सांगायची, 'कणकवलीहून एसटीत माझ्या मांडीवर झोपून आलास. पायाला मुंग्या आल्या, पण मी पाय हलवला नाही.' मिसरूड फुटलं तरी मी मागे लागायचो, आई, ती एसटीची गोष्ट सांग ना!"

सत्तरीतल्या माणसाच्या तोंडून इतकी लाडाची 'आई' मृणालने पहिल्यांदाच ऐकली.

ती बाईंकडे वळली. "अर्ज कुठे भरायचा?"