माझं राहिलं

"आपण सगळे घरचेच, नावं कसली सांगायची?" असं म्हणत डॉक्टर दाबके ऑपरेशनआधीची टीमची ओळख कायम उडवून लावायचे. सुरक्षेची यादी वाचणाऱ्या थोरात सिस्टर मग नाइलाजाने पुढच्या प्रश्नाकडे वळायच्या.

आज हर्नियासाठी डॉक्टर स्वतःच टेबलावर होते. कमरेखाली भूल, डोळ्यांसमोर हिरवा पडदा. पलीकडे सिस्टरनी यादी वाचायला घेतली.

"मुग्धा, सर्जन," त्यांचीच विद्यार्थिनी म्हणाली. मग एकेक ओळखीचा आवाज आपलं नाव आणि काम सांगत गेला. डॉक्टर कान देऊन ऐकत होते.

"झालं सगळ्यांचं?" सिस्टरनी विचारलं.

"माझं राहिलं," पडद्याआडून आवाज आला. "मुकुंद दाबके, पेशंट. बाजू डावी." मग जरा थांबून, "आणि भीती वाटतेय."

सिस्टरनी यादी काखेत धरली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"घाबरता कशाला, सर? आपण सगळे घरचेच."