कच्चे पाव

ट्रेमध्ये चोवीस पाव होते आणि चोवीसही कच्चे. पाच वाजता हॉटेलचा मुख्य आचारी ते चाखायला येणार होता. पसंत पडले असते तर परगावी माझी नोकरी पक्की होती. तीन तासांपूर्वी मी ओव्हन ताईवर सोपवून दाखला आणायला गेले होते.

“तू गेलीस आणि लगेच लाइट गेली. मी इथून हललेसुद्धा नाही गं,” ताई म्हणाली. “आत्ता आली बघ, तुझ्या पाठोपाठ. जाऊ दे, नाहीतरी मला एकटीला टाकून कुठे निघाली होतीस?”

वीज परत आली की आमच्या ओव्हनचं घड्याळ शून्यापासून मोजू लागतं आणि वेळ लावल्याशिवाय ओव्हन तापत नाही. मी वेळ लावायला वाकले.



घड्याळात दोन तास अठरा मिनिटं झाली होती.